धमकीची पोस्ट डिलीट केली, म्हणजे विषय संपला का?

प्रश्न: आम्ही सहा वर्षं एकाच टीममध्ये खेळलो. तो आमच्यातला सगळ्यांत गुणी खेळाडू होता, पण पहिली दोन वर्षं तीन सिनियर त्याच्या मागे हात धुऊन लागले होते. घाणेरडं टोपणनाव, पैसे उकळणं, बहिणीवरून विनोद, ड्रेसिंग रूममध्ये नको त्या अवस्थेतला व्हिडिओ. तोही हसून घ्यायचा. मी त्रास देणाऱ्यांत नव्हतो, हसणाऱ्यांत मात्र होतो. पुढे गुडघा गेला आणि त्याचा खेळ सुटला. काल रात्री त्याने स्टोरी टाकली: बंदुकीचा फोटो, अकादमीचं नाव, त्या तिघांना टॅग आणि खाली ‘आता हिशेब. त्यांचा, नाहीतर माझा.’ तासाभरात काढूनही टाकली. ग्रुपवर कोणी म्हणतं प्यायला असेल, कोणी म्हणतं पोलिसांत गेलात तर त्याचं आयुष्य बरबाद होईल. मी फोन केला तर म्हणाला, ‘काही नाही रे, डोकं फिरलं होतं.’ मी काय करू?
– एक जुना सहखेळाडू

उत्तर: तातडीचं होतं ते आम्ही तुमचं पत्र मिळाल्याबरोबर कळवलं: आधी पोलिसांना फोन करा, बाकीचं नंतर वाचा. सविस्तर उत्तर इथे छापतोय, कारण असा स्क्रीनशॉट हातात घेऊन ‘सांगू की नको’ करत बसलेले आणखीही वाचक असतील.

ग्रुपवर चाललेला वाद आधी बाजूला ठेवा. तो प्यायला होता की शुद्धीत होता, मनापासून बोलला की नुसता धमकावत होता, हे ठरवणं तुमचं काम नाही आणि वीस जणांच्या चॅटमध्ये ते ठरणारही नाही. ज्यांना ते तपासता येतं त्यांच्यापर्यंत माहिती पोचवणं, एवढंच तुमचं काम. तपासणारे काय बघतात ते मात्र समजून घ्या. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठात ड्यूई कॉर्नेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळांसाठी धमक्या तपासण्याची एक पद्धत बसवली. तिच्यात धमक्यांचे दोन ढोबळ प्रकार आहेत. रागाच्या भरात तोंडून गेलेली, विचारपूस केल्यावर खुलासा करून नि माफी मागून खरोखर मिटणारी, ती क्षणिक. आणि जिच्यात नेमकी नावं, ठिकाण, साधन, वेळ किंवा तयारी दिसते, ती ठोस. शंका असेल तर ठोसच धरायची. तुमच्या मित्राच्या पोस्टमध्ये नावं आहेत, ठिकाण आहे, साधन आहे, आणि ‘नाहीतर माझा’ या शब्दांत त्याचा स्वतःचा जीवही आहे. ‘डोकं फिरलं होतं’ हे फोनवरचं एक वाक्य या चारांतलं काहीच खोडत नाही. पोस्ट काढून टाकल्यानेही खोडलं जात नाही. काढणाऱ्याला पश्चात्ताप झालेला असू शकतो किंवा कोणाला कळू नये असं वाटलेलं असू शकतं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.

आता आकडे, कारण ‘बोलणारे करत नाहीत’ हा समज फार घट्ट आहे. अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने तिथल्या शिक्षण खात्याबरोबर १९७४ ते २००० या काळातले शाळांमधले ३७ हल्ले अभ्यासले आणि २००२ मध्ये निष्कर्ष मांडले. ८१ टक्के प्रकरणांत हल्लेखोराच्या मनात काय चाललंय याची किमान एका माणसाला आधी कल्पना होती, आणि हे जाणणारे बहुतेक करून त्याचे मित्र किंवा बरोबरचेच होते. जवळजवळ तीन चतुर्थांश हल्लेखोरांना आपला छळ झालाय असं वाटत होतं, आणि ७८ टक्क्यांच्या मनात आधी आत्महत्येचे विचार येऊन गेले होते किंवा तसे प्रयत्नही झाले होते. याचा अर्थ छळ सोसलेला माणूस धोकादायक असतो, असा मुळीच नाही. छळ सोसलेल्यांतले बहुतेक जण कोणालाही इजा करत नाहीत. अर्थ इतकाच, की दुसऱ्याला मारण्याची भाषा आणि स्वतः मरण्याची भाषा अनेकदा एकाच तोंडी असते. दुसरी ऐकू आली म्हणून पहिलीला ‘नुसतं दुःख’ म्हणून सोडून द्यायचं नाही आणि पहिली ऐकू आली म्हणून दुसरी विसरायची नाही.

तुमच्या पत्राशी फार मिळतंजुळतं एक प्रकरण सगळ्यांसमोर घडलेलं आहे. अमेरिकन फुटबॉलमधला मायामी डॉल्फिन्सचा माजी खेळाडू जोनाथन मार्टिन याच्या इन्स्टाग्राम खात्यावर फेब्रुवारी २०१८ मध्ये शॉटगन आणि काडतुसांचा फोटो आला. सोबत छळ सोसणाऱ्यापुढे आत्महत्या किंवा सूड एवढेच मार्ग उरतात अशा अर्थाचा मजकूर, काही जणांना टॅग आणि त्याच्या जुन्या शाळेचा उल्लेख. लॉस एंजेलिसमधल्या त्या शाळेने २३ फेब्रुवारीला वर्ग बंद ठेवले आणि पोलिसांनी त्याच दिवशी त्याला शोधून ताब्यात घेतलं. पुढे त्याच्यावर धमकी दिल्याचे चार आणि भरलेलं हत्यार बाळगल्याचा एक, असे आरोप ठेवले गेले. कोणाला इजा झाली नाही. यातलं आरोपांचं वाक्य मुद्दाम सांगितलं. पोलिसांना कळवल्यावर मित्रावर गुन्हा दाखल होणारच नाही, अशी हमी आम्ही देऊ शकत नाही. पण काही घडायच्या आधी दाखल झालेली धमकीची केस आणि घडल्यानंतरची केस यांची बरोबरी होऊच शकत नाही.

फोन करण्याआधीची पाच मिनिटं

तुमच्याकडे किंवा ग्रुपवर कोणाकडे स्क्रीनशॉट असेल तर तो मूळ फाइल म्हणून जपा. कापू नका, त्यावर गोल काढू नका. खात्याचं नाव, वेळ, टॅग केलेली नावं दिसायला हवीत. नसेल तर ज्यांनी पोस्ट पाहिली त्यांनी प्रत्येकाने वेगवेगळं, एकमेकांना न विचारता, आठवतंय तसं लिहून काढावं. चर्चा करून लिहिलं की सगळ्यांच्या आठवणी एकसारख्या होतात आणि तपासणाऱ्याच्या उपयोगाच्या राहत नाहीत. त्याचा पासवर्ड माहीत असला तरी खातं उघडू नका. आणि पोस्ट पुढे पाठवू नका, ‘सावध राहा रे’ म्हणूनसुद्धा नाही. ती दहा ग्रुपवर फिरली की संध्याकाळपर्यंत त्याच्यापर्यंत परत येते, आणि सगळ्या जगाने पाहिलं असं वाटलेला माणूस जास्त बिथरतो. समाजमाध्यमाच्या कंपनीकडे तक्रार जरूर करा, पण पुरावा जपल्यावर आणि पोलिसांना फोन केल्यानंतर. तक्रार म्हणजे मदत नव्हे. त्याच्या दाराशी त्यातून कोणी जात नाही.

मग आपत्कालीन क्रमांक. भारतात ११२, अमेरिकेत ९११. नुसती स्वतःच्या जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा असेल, हत्यार किंवा कोणाचं नाव नसेल, तर मानसिक आधाराच्या लाइन आहेत: भारतात टेलिमानस १४४१६, अमेरिकेत ९८८. तुमच्या बाबतीत हत्यार आणि नावं दोन्ही आहेत, म्हणून पहिला फोन आपत्कालीन क्रमांकालाच.

बोलताना बहुतेकांचं काय चुकतं? सुरुवातच ‘तसा तो फार चांगला मुलगा आहे हो’ अशी होते, आणि पलीकडच्या माणसाला ही मित्रामित्रांची कुरबूर वाटते. किंवा घाबरून वाढवून सांगितलं जातं, ‘तो बंदूक घेऊन निघालाय’, आणि दारात शस्त्रसज्ज तुकडी उभी राहते. दोन्हींत त्याचंच नुकसान. वाक्यं साधी ठेवा: ‘माझ्या ओळखीच्या माणसाने काल रात्री इतक्या वाजता बंदुकीचा फोटो टाकून तीन माणसांना धमकी दिली, स्वतःचं बरंवाईट करण्याबद्दलही लिहिलं. पोस्ट काढली आहे, स्क्रीनशॉट माझ्याकडे आहे. तो आत्ता या पत्त्यावर आहे. घरात आई आहे. हत्यार खरंच आहे का ते मला माहीत नाही.’ जे माहीत नाही ते माहीत नाही असंच म्हणा. दारू, औषधं, आधीची मानसिक उपचारांची माहिती असेल तर सांगा. मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण असलेली माणसं पाठवता येतील का, सायरन न वाजवता येता येईल का, हेही विचारा. दर वेळी शक्य होतंच असं नाही, पण न विचारता नक्कीच होत नाही. ज्याने फोन घेतला त्याचं नाव आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा.

त्या तिघांना आणि अकादमीलाही कळायला हवं. ते पोलिसांनी सांगितलेलं उत्तम, पण वेळ लागतोय असं दिसलं तर अकादमीच्या प्रमुखाला तुम्ही स्वतः फोन करा. त्या तिघांनी पूर्वी जे केलं ते केलं, जिवाला धोका आहे हे कळण्याचा हक्क त्यांनाही आहे. मात्र त्यांना त्याच्याशी परस्पर बोलायला, ‘मिटवायला’ जाऊ देऊ नका. जुन्या सिनियरचा ‘काय रे, लय झालं का’ छाप एक फोन भडका उडायला पुरेसा असतो.

‘पोलीस त्याला आत टाकतील’

ही भीती अगदीच खोटी नाही, पण कायदा काय म्हणतो ते माहीत असलं की आग्रह धरता येतो. भारतात २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १००नुसार, एखाद्या माणसाच्या मानसिक आजारामुळे त्याला स्वतःला किंवा इतरांना धोका आहे असं पोलिसांना वाटलं, तर त्यांनी त्याला संरक्षणात घ्यायचं असतं. त्याला २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं असतं, आणि अशा माणसाला कोठडीत ठेवायचं नसतं. कलम ९४नुसार तातडीचे उपचार ७२ तासांपर्यंत देता येतात. कलम ११५ आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला तीव्र ताणाखालची व्यक्ती मानतं. कॅलिफोर्नियातही तपासणीसाठी सक्तीने ठेवण्याची मर्यादा ७२ तासांचीच आहे. म्हणून घरच्यांनी पहिल्या दोन वाक्यांत ‘हा आजारी आहे, याची तपासणी हवी’ हे स्पष्ट आणि जमल्यास लेखी म्हणावं, जुने उपचारांचे कागद सोबत ठेवावेत. भांडण झालंय असं सांगितलं तर कारवाई भांडणाची होते.

हत्यार

तुम्ही जाऊन काढून घ्यायचं नाही. हे कितीही जवळच्या मित्राला लागू आहे. घरात परवान्याचं हत्यार असेल तर घरच्यांनी पोलिसांना सांगावं आणि ते त्यांच्या ताब्यात जाऊ द्यावं. उरलेल्या गोळ्या-औषधांचे साठेही घरातून हलवावेत. ‘ज्याला करायचंय तो काहीही करून करतो’ असं नातेवाईक म्हणतील. ते चूक आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलावर १९३७ ते १९७१ या काळात ५१५ जणांना उडी मारण्यापासून रोखलं गेलं. पुढे त्यांचा माग काढला तेव्हा त्यातले सुमारे ९४ टक्के जिवंत होते किंवा नैसर्गिक कारणाने गेले होते. ह्यूस्टनमध्ये जीवघेण्या प्रयत्नातून वाचलेल्या तरुणांना विचारलं, तर साधारण चौघांतल्या एकाने सांगितलं की विचार पक्का होणं आणि कृती यांत पाच मिनिटंही गेली नव्हती. त्या पाच मिनिटांत हाताशी काय आहे यावर सगळं ठरतं.

त्याच्याशी बोलणं

तो सुरक्षित आहे, पोलीस किंवा डॉक्टर यांच्यापर्यंत गोष्ट गेली आहे, हे कळल्यावर एकाने बोलायचं. एकाने. अख्ख्या टीमने घरी धडकणं हा प्रेमाचा प्रकार वाटतो, पण ज्याला घोळक्यात घेरून त्रास दिला गेलाय त्याला तो घोळका कसा दिसेल?

विचारा थेट. ‘जीव द्यावासा वाटतोय का?’ असं विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही, उलट बोलायला वाट मिळते. ‘तसलं काही डोक्यात नाही ना?’ असं विचारलंत तर उत्तर ‘नाही’ हेच येणार, कारण तुम्हीच ते तोंडात ठेवलंत. पहिलं उत्तर ‘हो’ आलं तर एकेक पायरी पुढे जा: कसं करायचं ते ठरवलंयस का, करायचं पक्कं केलंयस का, काही जमवाजमव केलीस का. हीच पायरी त्या तिघांबद्दलही. जितक्या पुढच्या पायरीवर ‘हो’, तितकी घाई. ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. ‘तुझ्या जिवाचा प्रश्न आला तर मी सांगणार’ हे आधीच बोलून मोकळे व्हा. आणि फिरायला जाऊ म्हणून दवाखान्यात नेण्याची युक्ती कोणी सुचवली तर मोडून काढा. एकदा फसवलं की दुसऱ्यांदा तो गाडीतच बसणार नाही.

डॉक्टरांकडे खेळाडूबद्दलच्या काही गोष्टी आवर्जून सांगा, त्या बऱ्याचदा विचारल्याच जात नाहीत: डोक्याला किती वेळा मार बसला, शुद्ध हरपली होती का, गुडघ्यासाठी कोणत्या वेदनाशामक गोळ्या आणि किती काळ, स्टेरॉइड कधी घेतली का, झोप किती, दारू किती. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने खेळाडूंच्या मानसिक तपासणीसाठी एक ठरावीक प्रश्नसंचही बनवलेला आहे. क्रीडावैद्यक जाणणारा डॉक्टर मिळाला तर त्याबद्दल विचारा. खेळ सुटतो तेव्हा दिवसाचं वेळापत्रक, उत्पन्न, सोबती आणि ‘मी कोण’ याचं उत्तर एकदमच जातं. दुखापतीने सुटला तर निरोपाची तयारीही झालेली नसते. आणि दुखणं लपवून मैदानात उतरायची वर्षानुवर्षांची सवय डॉक्टरसमोर अर्ध्या तासात सुटत नाही. तो ‘ठीक आहे’ म्हणाला एवढ्यावर कोणी घरी पाठवत असेल तर पोस्टचा स्क्रीनशॉट डॉक्टरांना दाखवा.

घरी सोडण्याआधी लेखी सुरक्षा-योजना मागून घ्या. स्टॅनली आणि ब्राउन यांनी बसवलेल्या आराखड्यात सहा गोष्टी असतात: धोक्याच्या खुणा, स्वतःला सावरायचे स्वतःचे उपाय, मन दुसरीकडे रमवणारी माणसं नि जागा, मदत मागता येईल अशी जवळची माणसं, व्यावसायिक मदतीचे क्रमांक, आणि साधनं दूर ठेवण्याची तजवीज. तो कागद त्याच्या शब्दांत असावा, डॉक्टरांच्या नव्हे. २०१८ च्या एका अभ्यासात आपत्कालीन विभागातून अशी योजना आणि नंतर पाठपुराव्याचे फोन मिळालेल्यांत पुढच्या सहा महिन्यांतली आत्मघाती वर्तणूक सुमारे ४५ टक्क्यांनी कमी दिसली. घरी आल्यानंतरचे पहिले तीन महिने सगळ्यांत नाजूक असतात, नेमके तेव्हाच ग्रुपवरचे सगळे ‘सुटलो बुवा’ म्हणून आपापल्या कामाला लागलेले असतात. पुढच्या भेटीची तारीख पहिल्या आठवड्यातलीच घ्या.

आणि ते जुनं प्रकरण

धमकी दिली म्हणून छळ झालाच नव्हता असं होत नाही, आणि छळ झाला होता म्हणून धमकी माफ होत नाही. या दोन फायली वेगळ्या ठेवा. मार्टिनच्या बाबतीत वकील टेड वेल्स यांचा १४४ पानी चौकशी अहवाल फेब्रुवारी २०१४ मध्ये आला. तीन सहखेळाडूंनी त्याचा आणि इतर दोघांचा सातत्याने छळ केला, असा त्याचा निष्कर्ष होता. छळणाऱ्याशी मार्टिनचे मैत्रीचे, थट्टेचे संदेशही त्यात होते. तेवढ्यावरून सगळं आपखुशीने चाललं होतं असा अर्थ अहवालाने काढला नाही, वार बोथट करायचा तोही एक मार्ग असतो असं धरलं. ‘तोही हसून घ्यायचा’ असं तुम्ही लिहिलंयत, ते या उजेडात पुन्हा वाचा.

तुम्ही पाहिलंत ते लिहून काढा: कधी, कुठे, कोण, नेमकं काय बोललं, कोण हजर होतं. अंदाज नको. व्हिडिओ अजून कोणाच्या फोनमध्ये असेल तर तो कोणाला पाठवू नका, तो कोणाकडे आहे एवढंच तपासणाऱ्यांना सांगा. अकादमीच्या तक्रार समितीकडे किंवा खेळाच्या संघटनेकडे हे कधी द्यायचं ते मात्र त्याला विचारून, उपचार मार्गी लागल्यावर. त्याच्या नावाने घाईघाईत लढाई सुरू केलीत तर निर्णय पुन्हा दुसऱ्यांनीच घेतला असं होईल. त्या तिघांशी समोरासमोर भेट घडवण्याचा उत्साह तर कोणी दाखवूच नये. तुमची स्वतःची माफी मागायची असेल तर लहान ठेवा: ‘मी पाहत होतो, हसत होतो, थांबवलं नाही. चुकलं माझं.’ त्यापुढे ‘पण’ नको आणि उत्तराची अपेक्षा नको.

एक दिवस तो विचारेल, ‘पोलिसांना तूच सांगितलंस ना?’ हो म्हणा. कारण विचारलं तर तेही सांगा. तो काही महिने बोलणार नाही, कदाचित शिव्या घालेल. तरी आठवड्यातून एखादा साधा मेसेज पाठवत राहा, ज्याला उत्तर दिलं नाही तरी चालेल असा. आणि पुन्हा तशी पोस्ट दिसली तर ‘मागच्या वेळी काही झालं नव्हतं’ असं मनात येईल. तरीही पुन्हा तोच क्रमांक लावा, मागच्या तक्रारीचा क्रमांक सांगून.